ड्रोनचा हात बसवायलाही दाखला लागतो काय?

लग्नसराईच्या तोंडावर फोटो-व्हिडिओच्या धंद्यातील मंडळी आम्हाला एकच प्रश्न विचारीत आहेत. ड्रोन नवा आहे, ऑर्डर अजून घेतलेली नाही, कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही. हात बसावा म्हणून मोकळ्या मैदानात नुसता उडवायचा आहे. त्यालाही कमर्शियल पायलटचा दाखला लागतो काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. कमर्शियल पायलटचे लायसन्स विमान चालवणाऱ्यासाठी असते आणि त्यासाठी 200 तास उड्डाण करावे लागते. ड्रोनवाल्याला त्याची गरज नाही. त्याचा दाखला वेगळा, त्याचे नाव रिमोट पायलट सर्टिफिकेट. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत त्यालाही लायसन्सच म्हटले होते. फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने नाव बदलले.

तो लागतो की नाही, हे आधी तराजू ठरवतो. वजन 250 ग्रॅमपर्यंत असेल तर ड्रोन नॅनो वर्गातला. त्याला दाखला नको, सरावाला नको आणि पैसे घेऊन केलेल्या कामालाही नको. (अमेरिकेत उलट आहे. तिथे कामासाठी उडवायचा तर ड्रोन कितीही हलका असो, दाखला लागतोच.) मात्र वजन धरायचे ते सगळ्या सामानासकट. 249 ग्रॅमच्या ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी किंवा पंख्यांना संरक्षक कड्या लावल्या की तो नॅनो राहत नाही. दुकानदार हे सांगत नाही, तेव्हा घरी वजन करून पाहावे.

250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंत मायक्रो वर्ग. खरी अडचण इथेच आहे. व्यापारी हेतू नसेल तर मायक्रोला दाखल्यातून सूट आहे. सरावाचा वेगळा उल्लेख नियमात नाही. मग धंद्यासाठी केलेला सराव कोणत्या खात्यात टाकायचा? सूट पैसे घेतले की नाही यावर दिलेली नाही, हेतूवर दिलेली आहे. मुलाबाळांसोबत सुटीच्या दिवशी उडवला तर तो शौक झाला. पण ड्रोन दुकानाच्या पैशाने घेतला, दुकानाच्या पाटीवर ‘ड्रोन शूटिंग’ लिहिले आणि पुढच्या महिन्याच्या लग्नासाठी हात तयार करतो आहोत, तर त्याला शौक म्हणणे आम्हाला अवघड वाटते. नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. एवढी जोखीम घेऊन वाद घालण्यापेक्षा दाखला घेतलेला बरा, असे आमचे मत आहे.

2 किलोच्या वर वादच नाही. शौक असो वा सराव, दाखला हवा. फवारणीचा 10 लिटर टाकीचा ड्रोन याच गटात येतो. टाकी रिकामी ठेवून उडवला तरी वर्ग बदलत नाही, कारण वर्ग भरल्या वजनावर ठरतो.

दाखल्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या शाळेतील प्रशिक्षण, एवढे लागते. तो 10 वर्षे चालतो. दहावीची अट आपल्या अनेक कारागिरांना आडवी येते. हाताने उत्तम, पण शाळा आठवीतच सुटलेली. अशांनी नॅनोवरच काम करावे किंवा घरातल्या दहावी झालेल्या मुलाला, पुतण्याला शाळेत पाठवावे. पण मग रिमोट त्याच्याच हाती हवा. दाखला पुतण्याचा आणि उडवणार काका, हे चालत नाही. शिवाय ज्या वर्गाचे शिक्षण घेतले त्याच वर्गापुरता दाखला असतो.

सरावाची सोय शाळेत असतेच, शिक्षकाच्या देखरेखीखाली. त्याआधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर बोटे वळवून घेतली तर खर्चही वाचतो.

दाखल्यातून सूट म्हणजे सगळ्यातून सूट नव्हे. ड्रोनची नोंदणी करून नंबर घ्यावाच लागतो. नॅनो सोडून इतरांना तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही हवा. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशात हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडवता येते, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या भागात 200 फुटांपर्यंतच. पिवळ्या पट्ट्यात परवानगी लागते, तांबड्यात केंद्र सरकारची. मुंबईत तर पोलिसांचे मनाई हुकूम वेळोवेळी निघत असतात, आणि त्यांत दाखलेवालाही अडकतो. तेव्हा मैदानावर जाण्यापूर्वी नकाशा पाहावा आणि ठाण्यात चौकशी करावी.