फेरीचा हिशेब

मुलुंड चेकनाक्यावर जकात भरण्यासाठी उभ्या असलेल्या ट्रकच्या रांगा उपनगरात राहणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिल्या असतील. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली आणि त्या रांगाही गेल्या. त्या रांगेतल्या माणसांशी माझी ओळख मात्र पुष्कळ जुनी. ती झाली एका छापील फॉर्ममुळे.

१९८८ साली मी मुलुंडच्या एका बँक शाखेत कर्ज विभागात होतो. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर ज्या छोट्या माणसांना बँकेचा उंबरा ओलांडता आला, त्यांत एक-एक ट्रक बाळगणारे लघु वाहतूकदारही होते. पोटाला चिमटा काढून जमवलेली थोडी रक्कम स्वतःची, उरलेली बँकेची. गाडी बँकेकडे तारण. अर्जासोबत एक तक्ता भरावा लागे : डिझेल, टायर, विमा, क्लीनरचा पगार. आणि सगळ्यात वर, ज्याच्यावर बाकीचा डोलारा उभा असे तो रकाना : ‘महिन्याच्या फेऱ्या’.

अण्णा (खरं नाव देत नाही, माणूस भिडस्त होता) असाच एके दिवशी टेबलासमोर येऊन बसला. मूळ कणकवलीकडचा. वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून झालेल्या. आता स्वतःची घ्यायची होती. मुंबईहून माल घेऊन गोव्याला जायचं आणि तिकडून मिळेल ते भाडं घेऊन परतायचं.

“महिन्याला किती फेऱ्या होतील?”

“चार, साहेब.”

मी आकडेमोड केली. चार फेऱ्यांत हप्ता बसत नव्हता. “अण्णा, सहा करायला हव्यात. नाहीतर वर पाठवलेला प्रस्ताव परत येईल.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “साहेब, रस्त्यात घाट आहेत आणि पुढं फेरी आहे.”

मला कळलंच नाही. फेऱ्यांचंच तर बोलणं चाललं होतं. मग उलगडा झाला : तो फेरीबोटीबद्दल बोलत होता. पणजीजवळचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता. बांधून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती त्याला. नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, पलीकडे जायचं तर फेरीबोटीची रांग धरायची, नाहीतर आतल्या रस्त्यानं लांबचा वळसा घ्यायचा. “म्हणजे कसं साहेब, फेरी लागली नाही की फेरी चुकते,” असं म्हणून तो स्वतःच हसला.

मी हसलो आणि चार खोडून सहा लिहिले. त्याच्याच भल्यासाठी, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कर्ज मंजूर झालं. अण्णानं पेढे आणले.

पुढे हप्ता भरायला आला की तो घटकाभर बसायचा. कथा-कादंबऱ्या लिहिण्याची खोड मला तेव्हापासूनच, त्यामुळे मीही चहा मागवून त्याला बोलतं करत असे. झुआरीवर १९८३ साली पूल झाला. त्याआधी आगशी आणि कुठ्ठाळीच्या मध्ये फेरीबोट चाले. त्या फेरीच्या त्याच्या आठवणी संपत नसत. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळानं निसरडा व्हायचा. भरलेली गाडी त्यावरून एकेक वीत खाली सोडायची. क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन चाकाबरोबर चालणार. बोटीवर चढताना पुढची चाकं फळीवर टेकली की अख्खी बोट मान तुकवल्यासारखी खाली जायची. त्या क्षणी पोटात गोळा यायचा, आणि वीस वर्षांत तो कधी कमी झाला नाही, असं तो सांगे.

एकदा म्हणाला, “पण साहेब, गाडी एकदा बोटीवर लागली, इंजिन बंद झालं, की पंधरा-वीस मिनिटं आपण राजा. गाडी पुढं जातेय आणि आपण चालवत नाही! असं दुसरीकडं कुठं होतं?” आणि बोटीआधीची रांग? त्या रांगेतच तो गाडीखाली ताडपत्री पसरून झोपायचा. मालकाला सांगायला सबब तयार असे : फेरी लागली नाही. ड्रायव्हरच्या झोपेला या जगात सबब लागते, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं.

१९९० च्या पावसाळ्यात त्याचे दोन हप्ते थकले. सहा फेऱ्या होत नव्हत्या. चारच होत होत्या, पहिल्या दिवशी त्यानं सांगितल्या होत्या तेवढ्याच. नियमाप्रमाणे मी नोटीस काढली. ती भाषा छापीलच असते, खाली सही तेवढी आपली. अण्णानं ती खिशात ठेवली आणि फेऱ्या वाढवल्या. फेरीच्या रांगेतली झोप सोडून तो लांबच्या वळशानं जाऊ लागला, रात्री घाट चढू लागला.

ऑगस्टमध्ये, पहाटे चारच्या सुमारास, पोलादपूर आणि खेडच्या मधल्या कशेडी घाटात त्याचा डोळा लागला. नशीब एवढंच की गाडी दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला घासली. अण्णाला खरचटलं. शेजारी बसलेला त्याचा भाचा (सतरा वर्षांचा पोरगा, तोच क्लीनर) याचा उजवा पाय गुडघ्यातून कायमचा अधू झाला. विमा होता, गाडी दुरुस्त झाली. पुढे कर्जही पै न पै फिटलं. माझ्या दप्तरी ते ‘चांगलं खातं’ म्हणून बंद झालं.

अण्णा मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, युरोपातल्या ट्रक ड्रायव्हरांविषयी वाचत होतो. तिकडेही लांब पल्ल्याच्या गाड्या बोटीवर चढतात. इंग्लंडमधल्या डोव्हरहून फ्रान्समधल्या कॅलेला जाणाऱ्या बोटी तर ट्रकनं भरलेल्या असतात. १९९४ मध्ये समुद्राखालचा बोगदा खुला झाल्यापासून ट्रक आगगाडीवर चढवूनही नेतात. पण मला थांबवलं ते एका नियमानं. युरोपीय संघात ड्रायव्हरनं सलग साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबायचं, दिवसाला साधारणपणे नऊच तास चालवायचं, आणि गाडीत बसवलेलं यंत्र या मिनिटांची नोंद ठेवतं. लांबच्या बोटीवर ड्रायव्हरला निजायला जागा मिळाली तर ती वेळ त्याची विश्रांती म्हणून धरतात. गाडी चढवण्या-उतरवण्यापुरती ती झोप जास्तीत जास्त दोनदा मोडायची, तीही मिळून तासाभरापेक्षा अधिक नाही. अण्णा ज्याला सबब म्हणायचा, त्याला तिकडे कायद्यानं नाव दिलं होतं.

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास सांगत होता. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांतीही सांगत होता. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. मामा आणि भाचा मिळून होतात दोन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं तेच तास ड्रायव्हरांसाठी धरले खरे, पण कशेडी घाटात रात्री अडीच वाजता ते मोजणार कोण? मोजलं जात होतं ते एकच : माझ्या तक्त्यातला फेऱ्यांचा आकडा.

२६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेनं रो-रो सेवा सुरू केली. रायगडातल्या कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे आणि गोव्यातल्या वेर्ण्याला उतरवायचे. २००४ पासून ही गाडी पुढे कर्नाटकात सुरतकलपर्यंत जाऊ लागली. अलीकडे, २०२५ च्या गणपतीत, मोटारींसाठीही हा प्रयोग झाला. कोकणात जाताना कुठल्या तरी स्थानकात आपली गाडी क्रॉसिंगला थांबते आणि शेजारच्या रुळावर ट्रकची माळ उभी दिसते, ती हीच. आपण मुलांना खिडकीतून दाखवतो, “बघ, गाडीवर गाड्या!” माझं लक्ष मात्र केबिनच्या दारातून बाहेर आलेल्या पायांकडे जातं. आत कुणीतरी झोपलेलं असतं.

त्या सुमारास अण्णा मुलुंडच्या बाजारात भेटला. स्वतःची गाडी विकून पुन्हा दुसऱ्याची चालवत होता. रो-रोनं जाऊन आला होता. “साहेब, सावित्री कधी ओलांडली कळलं नाही, वाशिष्ठी कधी गेली कळलं नाही. कशेडी तर नाहीच. जागा झालो तर रत्नागिरी गेलेली. पूर्वीच्या फेरीसारखंच, फक्त पाणी नाही.”

“बरं झालं, अण्णा. आता दगदग वाचली.”

तो हसला. तेच जुनं हसू. “वाचली कसली? मालक म्हणतो, गाडीवर झोप झालीच आहे ना, मग उतरलात की थेट निघा. महिन्याला दोन फेऱ्या वाढल्या.”

मी काही बोललो नाही. तो आकडा कुठे वाढवतात, मला ठाऊक होतं. आणि एकट्या मालकाला तरी दोष कसा द्यावा? सकाळी सहाला दारात दूध हवं, बाजारात मासळी हवी, एप्रिलात देवगडचा आंबा हवा आणि तो कालच्यापेक्षा आज लवकर हवा, असं म्हणणारे आपणच. प्रत्येक ‘लवकर’ कुणाच्या तरी डोळ्यांतून वजा होत असतो.

अण्णा गेल्याला आता सात वर्षं झाली. त्याचा भाचा पन्नाशी ओलांडून गेला आहे. भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर त्याचं पंक्चरचं छोटं दुकान आहे. मी अधूनमधून जाऊन बसतो. त्याला त्या खोडलेल्या आकड्याबद्दल एकदा सगळं सांगून टाकलं. तो टायर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, “मामा म्हणायचे, साहेबांनी सही केली म्हणून गाडी झाली.” एवढंच. मला आणखी काही ऐकायचं होतं का, ते मलाही सांगता येणार नाही.

दुकानाबाहेर त्यानं एक बाजलं ठेवलं आहे. रात्री एखादा बाहेरगावचा ट्रक येऊन थांबतो. ड्रायव्हर उतरतो, डोळे लाल, पाय जड. भाचा लंगडत पुढे होतो, चाक बघतो आणि सांगतो, “वेळ लागेल, भाऊ. तोवर आडवा हो जरा.”

पंक्चर काढायला त्याला किती वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. वीस मिनिटं. बाजल्यावर कुणी झोपलेलं असलं, तर दीड तास.