आकडे बरोबर, तरी सॉफ्ट कोरल का मेलं?

घरच्या रीफ टँकमधलं लेदर कोरल महिनोन्‌महिने छान फुललेलं असतं आणि एखाद्या आठवड्यात आक्रसून खडकाला चिकटतं. टेस्ट किट बाहेर निघतं : अमोनिया शून्य, नायट्रेट शून्य, पीएच ८.२, कॅल्शियम ४२०. सगळं जिथल्या तिथे. मग दुकानातून एक बाटली येते, पाठोपाठ दुसरी, आणि पंधरा दिवसांत कोरल विरघळून जातं. या सगळ्याच्या मुळाशी एक पक्की समजूत आहे, ती म्हणजे पाणी तपासलं की कोरल तपासून झालं. किट आजच्या पाण्यातल्या पाच-सहा गोष्टी मोजतं, एवढंच. सॉफ्ट कोरल ज्याने मरतं ते बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांपूर्वी घडून गेलेलं असतं, किंवा त्याची चाचणी त्या डब्यात नसतेच. म्हणून निदान टाकीतल्या जिवांपासून सुरू करावं. कोण आधी आजारी पडलं, कोण ठणठणीत राहिलं आणि कोरलचं अंग नेमकं कसं दिसतंय, हा खरा पुरावा.

त्यातही आधी ते खरोखर मरतंय का, हे पाहावं. सार्कोफायटन, म्हणजे अळंबीच्या छत्रीसारखं दिसणारं लेदर कोरल, अधूनमधून कात टाकतं. पॉलिप आत ओढले जातात, छत्री गुळगुळीत होते, तिच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतो. त्यावर शेवाळ नि गाळ बसतो, रंग मळकट होतो आणि काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी, तो पापुद्रा फाटून प्रवाहाबरोबर निघून जातो. अंगावर साचलेलं झटकून टाकायची ही त्याची रीत आहे. नेमक्या याच काळात धडधाकट कोरल मेलं म्हणून फेकलं जातं, किंवा औषधांचा मारा करून खरंच मारलं जातं, आणि हे नुकसान निव्वळ न पाहिल्यामुळे होतं. ओळखायला अवघड काही नाही. कात टाकणारं कोरल टणक राहतं आणि त्याला वास येत नाही. कुजणारं कोरल एका बाजूने तपकिरी, गिळगिळीत होतं, त्याचे धागे सुटतात आणि पाण्याबाहेर धरलं तर उग्र सडका वास येतो. याहून वेगळी अवस्था म्हणजे अंग पांढुरकं, पण पॉलिप उघडे. त्यात कोरल जिवंत असतं. त्याच्या पेशींत राहून प्रकाशावर अन्न बनवणारी सूक्ष्म शैवालं तेवढी निघून गेलेली असतात, आणि कारण बहुधा उष्णता किंवा एकाएकी वाढवलेला प्रकाश हे असतं.

आता क्रम. कोरलबरोबर गोगलगायी आणि कोळंब्याही मेल्या, मासे मात्र मजेत पोहत असले, तर पहिला संशय तांब्यावर घ्यावा. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी साधं तांब्याचं औषध लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम इतकं देतात. मासे ते सोसतात. बिनकण्याच्या जिवांना त्याहून कितीतरी कमी तांबंही घातक ठरतं, आणि घरगुती किट औषधाची मात्रा मोजण्यासाठी बनवलेलं असल्याने त्या खालच्या पातळीला ते शून्यच दाखवू शकतं. आकडा बरोबर आणि निष्कर्ष चूक, असा हा प्रकार.

सगळी कोरलं एकाच वेळी मिटली तर खारटपणा पाहावा, आणि इथे ‘माझं मीटर ३५ दाखवतं’ हे उत्तर पुरेसं नाही. बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. हजारी ३५ भाग क्षार असलेलं खरं समुद्रपाणी त्यांवर सुमारे ३६.५ दिसतं. मालक ते ३५ वर आणतो आणि प्रत्यक्षात पाणी दीड भागाने फिकं करून बसतो. आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून ही चूक जात नाही. ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावरच मीटर जुळवावं लागतं. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो. नागपूरच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, पण पाणी भराभर उडतं आणि खारटपणा चढत जातो. मुंबईच्या दमट मे महिन्यात वाफ कमी होते, त्यामुळे गारवाही कमीच. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या आरओ पाण्याने घालायची, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत.

नायट्रेट शून्य म्हणजे पाणी उत्तम, ही समजूत सगळ्यांत चिवट आहे. तिच्या बाजूचा युक्तिवादही वजनदार आहे : प्रवाळभिंतीवरच्या समुद्रात नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ नसतंच, मग टाकीत कशाला हवं? पण समुद्रात प्लवकांनी भरलेलं नवं पाणी कोरलवरून रात्रंदिवस वाहत असतं. अंश थोडा, पुरवठा अखंड. दोनशे लिटरच्या टाकीत फिल्टर, स्किमर आणि फॉस्फेट शोषणारी गाळणी मिळून तो अंशही काढून घेतात आणि मागून काही येत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये कठीण प्रवाळांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की नायट्रोजन वाढलेला आणि फॉस्फेटची उपासमार, अशी विषमता आली की प्रवाळ उष्णतेत लवकर पांढरे पडतात. बहुतेक सॉफ्ट कोरलंही पेशींत राहणाऱ्या तशाच सूक्ष्म शैवालांवर जगतात, म्हणून मोजता येईल इतकं थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात राहू देणं मला शहाणपणाचं वाटतं.

किटला कधीच न दिसणारं कारण म्हणजे शेजारी. सिन्युलॅरिया आणि सार्कोफायटन ही लेदर कोरलं टर्पीन वर्गातली रसायनं पाण्यात सोडतात आणि त्यांनी आसपासचे प्रतिस्पर्धी हटवतात. समुद्रात ती पातळ होऊन जातात, टाकीत साचतात. ‘दोन वर्षं एकत्र आहेत, काही झालं नाही’ असा आक्षेप येतो. पण दोन वर्षांत वसाहती वाढलेल्या असतात आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन बदलायचा राहून गेलेला असतो. पंपाचा झोत कुठून कुठे जातो ते पाहावं. झोताच्या दिशेने लेदर कोरलच्या पुढे असलेली कोरलंच आधी मिटत असतील, तर ताजा कार्बन हे निम्मं औषध आणि जागा बदलणं हे उरलेलं. झेनिया हे सॉफ्ट कोरल वितळलं की आयोडीन घाला, असंही सर्रास सांगतात. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम असतं आणि नियमित पाणी बदलताना मिठातून मिळतं. न मोजता थेंब टाकत राहिलं, तर तेच विष होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. ‘तोवर कोरल मरेल त्याचं काय?’ ही काळजी रास्त आहे. कूज सुरू झाली असेल तर थांबू नये. कोरल बाहेर काढून धारदार पात्याने थोड्या निरोगी भागासकट कुजका भाग कापावा. हातात मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण सॉफ्ट कोरलांच्या जोडीने विकल्या जाणाऱ्या झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. झोअँथिड असलेला खडक कधीही उकळू नये, ती वाफ माणसाला रुग्णालयात पोचवू शकते. उरलेला निरोगी तुकडा नव्याने बनवलेल्या, त्याच तापमानाच्या आणि खारटपणाच्या पाण्यात, मंद प्रवाह देऊन वेगळा ठेवावा. तीन-चार दिवसांत त्याचे पॉलिप उघडले, तर दोष जुन्या टाकीत आहे. तिथेही तो कुजतच राहिला, तर जंतू किंवा कीड बहुधा कोरलच्या अंगातच आहे आणि टाकीत एकही थेंब घालायचं कारण नाही.