रस्त्याची कड कुणाची?

परभणीत वसमत रस्त्याने रोज सकाळी सायकलीवरून कामावर जाणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्याच्या वाट्याला ‘सायकलमार्ग’ म्हणून जे काही येते, ते डांबराच्या डाव्या कडेची दोन-तीन हात रुंदीची पट्टी एवढेच होय. आणि त्या पट्टीवर कुठे मालाचा टेम्पो उभा, कुठे बांधकामाची वाळू पसरलेली, कुठे दुकानाची पाटी पुढे सरकलेली असल्यामुळे, ती बेवारशी जागा आहे असा समज लोकांच्या मनात दृढ झाला आहे.

या समजाच्या मुळाशी दुसरा एक समज आहे: सायकलवाला कर भरत नाही, त्याला परवाना लागत नाही, सबब रस्त्यावर त्याचा हक्कही नाही. वस्तुस्थिती अशी, की वाहनकर मोटार वाहनांवर राज्य शासन घेते, तर शहरातील रस्ते महानगरपालिका मुख्यतः मालमत्ता कर आणि शासकीय अनुदान यांतून बांधते, आणि तो कर सायकलवाल्याच्या घरावरही आहेच. परवाना लागत नाही तो केवळ सायकल ही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन नाही म्हणून.

‘दोनच मिनिटे गाडी लावली, त्यात काय बिघडले?’ हा प्रश्न तर रोजचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम १२२ मिनिटे मोजत नाही. इतरांस धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अथवा होण्याचा संभव असेल, अशा स्थितीत वाहन उभे ठेवण्यासच ते मनाई करते. कडेवरच्या अडथळ्याने, मग तो गाडीचा असो वा वाळूचा, काय बिघडते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका बांधकामापुढे पसरलेल्या वाळूत गणवेशातल्या एका मुलीच्या सायकलीचे पुढचे चाक रुतले, हँडल हातातून फिरले, कॅरिअरवरचे दप्तर एका अंगाला झुकले, आणि तिने तोल सावरण्यासाठी पाय टेकला तो उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून ती शाळेत पोचली. अडथळा चुकविण्यासाठी मागे वळून पाहावे, तर सायकल आपसूक त्याच बाजूला कलते. उभ्या मोटारीला खेटून जावे, तर तिचे दार अकस्मात उघडते. म्हणून मोटारीपासून निदान तीन फूट अंतर राखून, हात दाखवून, अडथळ्याच्या बरेच आधी उजवीकडे सरकणे हेच श्रेयस्कर.

सारा दोष हातगाडीवाल्यांचा, असेही सर्रास म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. पथविक्रेता अधिनियम, २०१४ याने सर्वेक्षण करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र देण्याची तजवीज केली आहे, आणि ते होईपर्यंत त्यांना हुसकावण्यास मनाई केली आहे. उभ्या मोटारीला आणि वाळूच्या ढिगाला असे कोणतेही संरक्षण नाही. सार्वजनिक मार्गात अडथळा केल्यास जुन्या दंडसंहितेत दोनशे रुपयांपर्यंत दंड होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ अन्वये तो पाच हजारांपर्यंत गेला आहे.

स्वतंत्र मार्ग आखला की प्रश्न मिटला, हेही खरे नाही. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, तरी तिथल्या सायकलमार्गांवर वाहने उभी राहतातच. आणि सायकलमार्गावर वा पदपथावर वाहन उभे करण्यास त्याच वर्षीच्या वाहनचालन विनियमांची मनाई आहे.

राहिला तो ‘तक्रार करून काय उपयोग’ हा निराशेचा सूर. पुष्कळदा अर्ज निष्फळ ठरतो तो भलत्याच दप्तरी गेल्यामुळे. उभे वाहन हा वाहतूक शाखेचा विषय. वाळू, खडी, राडारोडा हा महानगरपालिकेचा, आणि रस्त्यावर टाकलेली अशी वस्तू नोटिशीवाचून हलविण्याचा अधिकार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांस दिला आहे. परंतु पाथरी-मानवतकडून येऊन वसमत-नांदेडकडे जाणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ६१ असल्यामुळे त्याचे खड्डे व खचलेल्या कडा यांची दाद महामार्ग खात्याकडेच मागावी लागते. अर्जात ठिकाण, तारीख, वेळ, वाहनाचा क्रमांक लिहावा, छायाचित्र जोडावे, आणि आवक क्रमांक घातलेली पोच हाती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.