जरा कुशीवर वळा बरं!

१९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड रेनफ्र्यूच्या बॉयलर कारखान्यात पोहोचले, ते मोटारींच्या डिकीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घेऊन! धातूतल्या भेगा आवाजाने शोधणारं यंत्र तिथे होतं. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा तुकडा पुरवला. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यंत्राने चक्क वेगवेगळी ओळखली.

पुढे एका बाईंना जठराचा कर्करोग आहे, पोटात पाणी झालंय, आता इलाज नाही, असं निदान झालं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राला मात्र दिसली अंडाशयाची अवाढव्य गाठ. ती काढली आणि बाई वाचल्या! १९५८चा त्यांचा गाजलेला शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शीर्षकात बाळाचं नाव नाही. विषय पोटातल्या गाठींचा.

आता याच आवाजाच्या तंत्रावर चालणाऱ्या आपल्या सोनोग्राफीच्या खोलीत येऊ. तिथल्या प्रत्येक सूचनेमागे पक्कं कारण असतं, आणि ते पेशंटला सांगायलाच हवं.

थंडगार जेल कशाला? अंगावर फिरवायचा प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा नुसता पापुद्रा राहिला, तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो.

‘उपाशीपोटी या’, कारण जेवलं की पित्ताशय आकसतं. आकसलेल्या पिशवीत खडे शोधणं कठीण. ‘लघवी दाबून धरा’, कारण भरलेलं मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूला सारतं आणि आवाजाला गर्भाशयापर्यंत मोकळी वाट देतं.

माझी सगळ्यात लाडकी सूचना कुशीवर वळण्याची. पित्ताशयात पांढरा ठिपका दिसलाय. खडा की पॉलिप? पेशंट वळला की खडा बहुधा पिशवीतल्या गोटीसारखा घरंगळतो. पॉलिप भिंतीला चिकटून जागच्या जागी! शिवाय खड्यामागे काळी सावली पडते, कारण आवाज त्याच्या पलीकडे जातच नाही.

सुजलेलं अपेंडिक्सही असंच पकडतात: प्रोबने हळूहळू दाबायचं. निरोगी असेल तर चपटं होतं, सुजलेलं दबत नाही.

आणि वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या कलर डॉपलरमधला लाल रंग म्हणजे शुद्ध रक्त, निळा म्हणजे अशुद्ध, हे डोक्यातून काढून टाका! नेहमीच्या सेटिंगमध्ये लाल म्हणजे प्रोबच्या दिशेने येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. त्यामुळे वळण घेणारी एकच धमनी अर्धी लाल, अर्धी निळी दिसू शकते.