मेला म्हणजे मेला!

रात्रीचा एक वाजून गेलाय. सकाळी आठचं लेक्चर आहे, पण ‘एवढी एक लढाई संपवतो आणि झोपतो’ असं तुम्ही तासाभरापूर्वीच स्वतःला सांगून झालंय. समोर चौकोनी घरांचा नकाशा आहे. हातात धनुष्य घेतलेली, खेडेगावातून आलेली रेबेका तुम्ही एक घर पुढे नेता. फक्त एक घर. आता शत्रूची पाळी. एक कुऱ्हाडवाला सरळ तिच्या शेजारी येऊन उभा राहतो. बाण मारायला मध्ये एक घर मोकळं लागतं, त्यामुळे तिला उलट वार करताच येत नाही. पहिला घाव बसतो. मागून दुसरा येतो. रेबेका शेवटचे काही शब्द बोलते आणि नकाशावरून नाहीशी होते.

तुम्हाला वाटतं, पुढच्या लढाईत परत येईल. एखादं औषध मिळेल, कुणीतरी मंत्र मारेल. पण नाही. ती गेली. गेम संपेपर्यंत गेली.

या गेमचं नाव ‘फायर एम्ब्लेम’. निन्टेंडोसाठी इंटेलिजंट सिस्टिम्स या जपानी स्टुडिओने १९९० मध्ये ही मालिका सुरू केली, तिचा कर्ता शोझो कागा. रेबेका आहे ती २००३ च्या, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या भागात. मालिकेतला तो सातवा भाग, पण जपानबाहेर पोचलेला पहिलाच. राजपुत्र, ड्रॅगन, जादूगार, घोडेस्वार असा सगळा फॅण्टसीचा नेहमीचा मसाला त्यात आहे. पण ही मालिका ओळखली जाते ती एका नियमामुळे : लढाईत तुमचा माणूस मेला की मेला.

हा नियम एवढा का झोंबतो, हे समजायला बुद्धिबळ आठवा. तिथेही मारलं गेलेलं प्यादं पटाबाहेर जातं, पण आपण रडत बसत नाही. कारण प्याद्याला नाव नसतं, आणि पुढच्या डावात आठही प्यादी पुन्हा हजर असतात. दुसऱ्या बाजूला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ किंवा ‘फायनल फॅण्टसी’सारखे रोल-प्लेइंग गेम बघा. तिथे पात्रांना नावं आहेत, चेहरे आहेत, भूतकाळ आहे. पण लढाईत पडलेल्याला चर्चमध्ये नेऊन किंवा फिनिक्सचं पीस वापरून उठवता येतं. ‘फायर एम्ब्लेम’ने बुद्धिबळातला मृत्यू घेतला, रोल-प्लेइंगमधला चेहरा घेतला आणि दोन्ही एकाच माणसाला चिकटवले. दुखणारच ना!

यातली खरी गंमत ‘फायनल फॅण्टसी ७’शी तुलना केली की लक्षात येते. १९९७ च्या त्या गेममध्ये एरिथ नावाची मुलगी कथेत मारली जाते. त्याआधी तुमच्या लढायांमध्ये ती कितीदा तरी पडलेली असते आणि तुम्ही तिला दरवेळी उठवलेलं असतं. मग या एकाच वेळी ते पीस का चालत नाही? उत्तर नाही. लढाईतला मृत्यू वेगळा आणि कथेतला वेगळा, ही त्या गेमची सोय आहे आणि खेळणारे ती मुकाट मान्य करतात. ‘फायर एम्ब्लेम’मध्ये उलटं होतं. रेबेकाला लेखकाने मारलेलं नसतं. तिला तुम्ही मारलेलं असतं, एक घर पुढे नेऊन.

पण या नियमाने लेखकांचीही पंचाईत होते. विचार करा, पंधराव्या प्रकरणाचे संवाद लिहायचेत. खेळणाऱ्याच्या सैन्यात तेव्हा कोण जिवंत असेल? काही सांगता येत नाही. मग मुख्य कथेत बोलायला कोण उरतं? ज्यांच्या मरणाने गेमच संपतो असे नायक, आणि लढाईत पडले तरी ‘जखमी झालो, माघार घेतो’ म्हणत कथेपुरते टिकून राहणारे काही मोजके लोक. बाकीचे सैन्यात येतात तेव्हा थोडं बोलतात आणि मग मुख्य कथेत जवळजवळ गप्प होतात. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणायचं आणि महत्त्वाच्या माणसांना मागच्या दाराने बाहेर काढायचं, ही या गेमची अपरिहार्य लबाडी आहे.

मग या गप्प झालेल्या लोकांचं आयुष्य जातं कुठे? ते जातं ‘सपोर्ट’च्या गप्पांमध्ये. २००२ च्या भागापासून ही पद्धत रुळली. दोन पात्रं लढाईत बरेच डाव शेजारी-शेजारी उभी राहिली की त्यांची ओळख वाढते आणि त्यांच्यात एक छोटा संवाद उघडतो. आधी सी, मग बी, मग ए. गेम बॉयच्या भागांत एका पात्राला असे जास्तीत जास्त पाचच संवाद मिळतात, त्यामुळे कुणाची कुणाशी मैत्री जुळवायची हे जपून ठरवावं लागतं. शिवाय मैत्री झालेले दोघं जवळ असले की त्यांचे वार नीट बसतात आणि शत्रूचे चुकतात. म्हणजे मैत्री भावनेलाही उपयोगी आणि हिशेबालाही!

आता रेबेकाकडे परत येऊ. तिचा भाऊ डॅन पाच वर्षांपूर्वी घर सोडून गेलाय. तुमच्याच सैन्यात पुढे डार्ट नावाचा एक चाचा येतो. त्याची स्मृती गेलेली आहे. हा डार्टच डॅन असावा, अशा सगळ्या खुणा तुम्हाला सापडतात, पण त्या दोघांच्या सपोर्टच्या गप्पांमध्ये. मुख्य कथा याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या रात्री तुम्ही रेबेकाला एक घर पुढे नेलंत आणि एका भावाला त्याची बहीण कधीच भेटली नाही. गेम तुम्हाला हे सांगतही नाही. ती गोष्ट होती, एवढंही तुम्हाला कळत नाही.

अर्थात खरं बोलू या. रेबेका मेल्यावर तुम्ही काय केलंत? कन्सोल बंद केलात, पुन्हा सुरू केलात आणि ती लढाई पहिल्यापासून खेळलात. सगळेच करतात. हे बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. गेम तुम्हाला हळूच मदतही करतो. २००२ नंतरच्या अनेक भागांत स्क्रीनवर दिसणारी टक्केवारी खरी नसते. वार बसणार की नाही हे ठरवताना गेम एक आकडा न काढता दोन काढतो आणि त्यांची सरासरी धरतो. त्यामुळे ९० टक्के लिहिलेला वार प्रत्यक्षात ९८ टक्के वेळा बसतो आणि शत्रूचा १० टक्क्यांचा वार जेमतेम दोनदा. आपल्या डोक्यात ‘नव्वद म्हणजे बसणारच’ असतं, आणि गेम आपल्या त्या समजुतीची लाज राखतो.

२००८ च्या ‘शॅडो ड्रॅगन’मध्ये तर त्यांनी उलटा प्रयोग करून बघितला. काही जादा प्रकरणं तुमच्या सैन्यात पंधरा किंवा त्याहून कमी माणसं उरली असतील तरच उघडत. ज्यांनी नुकसान सोसलं त्यांना बक्षीस, असा विचार असावा. झालं काय? एरवी माणूस मेला की रीसेट मारणारी पोरं आता ती प्रकरणं बघायला आपलीच माणसं मुद्दाम मरायला पाठवू लागली. नियम बनवणाऱ्याने सहानुभूती मागितली आणि खेळणाऱ्याने हिशेब दिला!

२०१० च्या भागात शेवटी ‘कॅज्युअल’ मोड आला : पडलेला माणूस पुढच्या लढाईत परत. जुने खेळाडू चिडले. पण २०१२ मध्ये जपानमध्ये ‘अवेकनिंग’ आला तेव्हा मालिकेचाच जीव धोक्यात होता. अडीच लाख प्रती खपल्या नाहीत तर मालिका बंद, असं निन्टेंडोने बजावलेलं होतं. कॅज्युअल मोडसह आलेला ‘अवेकनिंग’ वीस लाखांच्या पुढे गेला. ज्या मालिकेत कुणी परत येत नाही, ती मालिका स्वतः मात्र परत आली.

आणि मग २०१९ चा ‘थ्री हाउसेस’. (इथून पुढे मोठा स्पॉयलर आहे, खेळणार असाल तर एक परिच्छेद सोडा.) यात तुम्ही लष्करी अकादमीत प्रोफेसर आहात. विद्यार्थ्यांचे तीन गट, त्यातला एक तुमचा. त्यांना शिकवायचं, सोबत जेवायचं, चहा प्यायचा. मग युद्ध पेटतं आणि पाच वर्षांनी तुम्ही न निवडलेल्या गटांतली तीच मुलं शस्त्र घेऊन समोर उभी राहतात. या गेममध्ये रीसेट करायची गरज नाही, कारण काळ मागे नेण्याची शक्तीच प्रोफेसरला मिळालेली आहे. चूक झाली, मागे जा, दुसरी चाल खेळा. ही सवय तुमच्या बोटांत भिनते. आणि मग कथेत प्रोफेसरच्या वडिलांच्या पाठीत सुरा खुपसला जातो. प्रोफेसर तेच करतो जे तुम्ही केलं असतं : काळ मागे नेतो आणि वाचवायला धावतो. मध्येच दुसरं कुणीतरी आडवं येतं. वडील दुसऱ्यांदाही मरतात. वीस-पंचवीस तास ज्या बटणाच्या भरवशावर खेळलात, ते बटण नेमकं तिथे निकामी ठरतं. एरिथच्या वेळी न मिळालेलं उत्तर इथे मिळतं. तुम्ही प्रयत्न केलात, आणि तरी तो पुरला नाही.

कन्सोल नसेल तरी हे अनुभवता येतं. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा २००३ पासूनचा मुक्त-स्रोत गेम फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. तिथेही अनेक लढायांत तयार केलेला तुमचा अनुभवी योद्धा एकदा पडला की पुन्हा बोलावता येत नाही. एकच करून बघा : एक मोहीम रीसेट न करता खेळा. पहिला माणूस जाईल तेव्हा हात आपोआप ‘लोड’कडे वळेल. तिथे थोडं थांबा. उरलेल्यांना घेऊन पुढची लढाई खेळा. तुमची चाल बदललेली दिसेल. माणसं मोजून नाही, जपून पुढे न्याल. आणि शेवटी जी गोष्ट हाती येईल, ती तुमच्या शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या गोष्टीसारखी नसेल.

‘फायर एम्ब्लेम’च्या बऱ्याच भागांत गेम संपल्यावर एकेका पात्राचं पुढे काय झालं ते येतं. कुणी लग्न केलं, कुणी राज्य सांभाळलं, कुणी गावी परतलं. जे गेले त्यांच्या नावापुढे तसं काही नसतं. ते कोणत्या लढाईत पडले, तेवढंच असतं. त्या यादीत रेबेकाचं नाव आलं की बाकी कुणाला नाही, तरी तुम्हाला ती रात्र आठवेल. आणि ते एक घर.