बाकी एक, म्हणजे कोंबडा!

मित्रमैत्रिणींनो, वही-पेन्सिल घेऊन बसा. तुमचं जन्मसाल लिहा आणि त्याला १२ ने भागा. भागाकार किती आला ते सोडून द्या, आपल्याला हवी आहे फक्त बाकी. बाकी शून्य उरली तर तुम्ही माकड! (रागावू नका, पुढे वाचा.) एक उरली तर कोंबडा, दोन उरले तर कुत्रा, तीन डुक्कर, चार उंदीर, पाच बैल, सहा वाघ, सात ससा, आठ ड्रॅगन, नऊ साप, दहा घोडा आणि अकरा बोकड. आता आई-बाबांचं करा. आजीचंही करा, पण तिच्या वाट्याला काय आलं ते जरा बेतानंच सांगा!

हे झाले चिनी वर्षांचे बारा प्राणी. एक लक्षात ठेवा, चिनी नवं वर्ष आपल्या एक जानेवारीला सुरू होत नाही. ते २१ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी अमावास्येला सुरू होतं. त्यामुळे ज्यांचा वाढदिवस त्याच्या आधी येतो, त्यांनी मागच्या वर्षाचा प्राणी घ्यायचा.

खराडीतल्या आमच्या शाळेत हा भागाकार फळ्यावर केला, तेव्हा मोठी गंमत झाली. वर्गातली बहुतेक मुलं २०१८ सालची. पहिल्याचा कुत्रा, दुसरीचा कुत्रा, तिसऱ्याचाही कुत्रा. पाच मिनिटांत सगळा वर्ग भुंकायला लागला. मग एकाची बाकी आली तीन. "डुक्कर, डुक्कर!" असा गलका झाला आणि त्या बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. त्याला म्हटलं, अरे, चीनमध्ये डुक्कर हे सुबत्तेचं चिन्ह आहे, आणि आपल्याकडे पृथ्वी वर उचलून आणणारा वराह अवतार कोण होता? तेव्हा कुठे स्वारी हसली. पण खरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. "बाई, सगळ्या वर्गाचा प्राणी एकच, मग सगळ्यांचं भविष्यपण एकच का?"

या प्रश्नाकडे आपण येणारच आहोत. त्याआधी प्राण्यांची गोष्ट ऐका.

स्वर्गाचा राजा जेड सम्राट याने एकदा दवंडी पिटवली. नदी पोहून जे पहिले बारा प्राणी माझ्याकडे येतील, त्यांची नावं मी वर्षांना देईन. उंदीर आणि मांजर तेव्हा जिवलग मित्र होते म्हणे. दोघांनाही धड पोहता येईना. मांजराला झोप प्रिय. ते म्हणालं, "गड्या, पहाटे मला उठव हं." उंदीर कसला उठवतोय! तो एकटाच निघाला, बैलाच्या पाठीवर चढून बसला आणि पैलतीर येताच टुणकन उडी मारून सगळ्यांच्या आधी सम्राटासमोर हजर झाला. नदी पार केली बैलानं, पहिला नंबर उंदराचा! बैल बापडा दुसरा. प्रवाहाशी झुंजत वाघ आला तिसरा. ससा दगडांवरून उड्या मारत निघाला होता, मध्येच त्याला एक ओंडका सापडला आणि त्यावर बसून तो चौथा पोचला.

पाचवा आला ड्रॅगन. सम्राटाला नवल वाटलं. ज्याला उडता येतं तो पाचवा कसा? ड्रॅगन म्हणाला, "वाटेत एका गावात पाऊस नव्हता, तिथे पाऊस पाडायला थांबलो. नंतर नदीत एक ससा ओंडक्यावर अडकलेला दिसला, त्याला फुंकर मारून काठाला लावला." (मला विचाराल तर पहिला नंबर यालाच मिळायला हवा होता. पण गोष्टी आपल्याला विचारून रचलेल्या नसतात.) मग घोड्याच्या टापांचा आवाज आला. तो पोचणार इतक्यात त्याच्या पायाला विळखा घालून बसलेला साप सळसळत बाहेर पडला. घोडा बिचकून मागे सरला, साप सहावा आणि घोडा सातवा. बोकड, माकड आणि कोंबडा एका तराफ्यावरून मिळून आले. कुत्रा पाण्यात खेळत राहिला म्हणून अकरावा. आणि डुक्कर? वाटेत पोटभर जेवलं, झोपलं आणि जांभया देत बारावं आलं. मांजर जागं झालं तेव्हा यादी पुरी झाली होती. तेव्हापासून ते उंदराच्या मागे लागलं आहे!

व्हिएतनामचे लोक मात्र मांजरावर अन्याय होऊ देत नाहीत. त्यांच्या यादीत सशाच्या जागी मांजर आहे, आणि बैलाच्या जागी म्हैस. जपानमध्ये डुकराच्या जागी रानडुक्कर. ही यादी जुनी किती? चीनमधल्या हूपेइ प्रांतात श्वेइहूदी इथे १९७५ साली एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला मजकूर सापडला. तो सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात प्राण्यांची अशी यादी आहे, फक्त काही प्राणी आजच्याहून वेगळे.

पण बाराच का? वर आकाशात पाहा. गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ १२ वर्षं लागतात. जुने चिनी लोक गुरूला 'वर्षाचा तारा' म्हणत आणि त्याच्या जागेवरून वर्षं मोजत. आपणही मोजतो. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो? गुरू सिंह राशीत यायला तेवढी वर्षं लागतात म्हणून.

चिनी लोक या बारांच्या जोडीला आणखी दहा चिन्हांची माळ फिरवतात. आता १० आणि १२ चा लसावि काढा. साठ! म्हणजे तीच जोडी साठ वर्षांनी पुन्हा येते. आपल्या गुढीपाडव्याच्या पंचांगातही साठ संवत्सरांची नावं असतात, प्रभव, विभव अशी. गुरूची फेरी सुमारे १२ वर्षांची, शनीची सुमारे ३० वर्षांची, त्यांचाही लसावि साठच. आजोबांची साठीशांत होते ती यासाठी की त्यांच्या जन्माचं संवत्सर फिरून आलेलं असतं. गणित किती दूर दूर जाऊन एकाच आकड्याशी भेटतं पाहा!

चिनी नवं वर्ष आपल्या महाराष्ट्रातही साजरं होतं, बरं का. मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, चिनी लोकांचं छोटंसं देऊळ आहे. दक्षिण चीनमधून, कँटनच्या बाजूने मुंबईच्या बंदरात आलेल्या लोकांनी ते १९१९ साली बांधलं. नव्या वर्षाच्या रात्री मुंबईतली चिनी कुटुंबं तिथे उदबत्त्या लावायला येतात.

आणि प्राण्यावर बसून येणारं वर्ष आपल्या घरातही आहेच की! जानेवारीत आजी विचारते ना, "यंदा संक्रांत कशावर बसून आली?" पंचांगात संक्रांत देवीचं वर्णन असतं: वाहन कोणतं, उपवाहन कोणतं, वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात काय, खाते काय. सिंह, वाघ, डुक्कर, गाढव, हत्ती, म्हैस, घोडा, कुत्रा, मेंढा, बैल आणि कोंबडा ही तिची अकरा वाहनं. पंचांगात तिथीच्या अर्ध्या भागाला करण म्हणतात. करणं अकरा आहेत. सूर्य मकर राशीत शिरतो त्या क्षणी जे करण चालू असेल, त्याचं ठरलेलं वाहन देवीला मिळतं. मग लोक बोलू लागतात. देवीनं जे नेसलं ते महागणार, त्या रंगाची साडी यंदा नेसायची नाही, देवी ज्या दिशेला चालली तिकडे संकट!

पावसाचंही तसंच. आज खराडीत काचेच्या उंच उंच इमारती दिसतात, पण तुमच्या मित्रांपैकी जे इथले जुने रहिवासी आहेत त्यांच्या आजोबांना विचारा. मुळा-मुठेच्या काठी शेतं होती आणि जूनमध्ये पंचांग काढून पाहिलं जाई, "मृगाचं वाहन काय?" बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की चेहरे खुलत, कारण भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर असला तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा असला की पाऊस ओढ देणार. घोडा असला तर पाऊस डोंगरावर. हे वाहन कसं ठरतं माहीत आहे? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला नऊने भागायचं आणि बाकी पाहायची. पुन्हा बाकीच!

आता तुम्हीच विचार करा. पंचांगात नक्षत्राचं वाहन एकच छापलेलं असतं. हत्ती असेल तर तो महाबळेश्वरलाही हत्तीच आणि खराडीलाही हत्तीच. पण महाबळेश्वरला वर्षाला पाचशे सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पुण्यात सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर. मध्ये सह्याद्री आहे, ढग त्याला अडतात, पलीकडे कोरडा वारा येतो. नऊने भागताना यातलं काहीच त्या बाकीला कळत नाही. पेरणी करणाऱ्या माणसाच्या हातात बियाणं असतं, कर्ज काढून आणलेलं. त्यानं कोल्हा निघाला म्हणून थांबायचं की हत्ती निघाला म्हणून घाई करायची?

हे सारं गमतीचं आहे तोवर ठीक. पण १९६६ साली जपानमध्ये काय झालं ते ऐका. मोठ्यांनीही ऐकावं. ते वर्ष होतं 'अग्नी-घोड्याचं', जपानी भाषेत 'हिनोए-उमा'. दहा चिन्हं आणि बारा प्राणी यांतली ही जोडी साठ वर्षांनी एकदाच येते. या वर्षात जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला भोवते, अशी तिथली जुनी समजूत. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख २० हजार बाळं जन्मली. १९६६ साली किती? फक्त १३ लाख ६० हजार! आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांच्या वर. रेल्वेगाड्या ताशी दोनशे किलोमीटर वेगानं पळवणारा देश तो, आणि लाखो आई-बाबा एका घोड्याला घाबरले. त्या वर्षी जन्मलेल्या मुलींचा काय दोष? आपल्याकडे 'मंगळाची मुलगी' म्हणून एखाद्या ताईचं लग्न अडतं, तसाच हा प्रकार.

साठ वर्षांनी, २०२६ मध्ये, तोच अग्नी-घोडा फिरून येतो. आणि आपल्या पंचांगात १९ मार्च २०२६ ला सुरू होणाऱ्या शके १९४८ च्या संवत्सराचं नाव आहे 'पराभव'. १९६६ चंही तेच होतं. आता नाव पराभव म्हणून त्या वर्षी कोणीच कबड्डीची मॅच जिंकणार नाही का? प्रत्येक मॅचमध्ये कोणीतरी जिंकणारच!

ड्रॅगनच्या वर्षी उलटं होतं. ते भाग्याचं मानलं जातं, म्हणून सिंगापूर, तैवानमध्ये त्या वर्षी जास्त बाळं जन्मतात. पुढे ती सगळी एकदम शाळेत येतात आणि प्रवेशासाठी गर्दी होते. भाग्यवान मुलांच्या वाट्याला लांब रांग!

मागच्या बाकावरचा तो प्रश्न आठवतो ना? जन्मवेळ आणि भविष्य यांचा संबंध तपासता येतो का? येतो, आणि तो आपल्याच पुण्यात तपासला गेला. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये एक चाचणी घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होते. अभ्यासात हुशार अशा १०० मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका बनवल्या. मग त्या मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली कोणती कोणत्या गटातली? २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर आली असती. सर्वांत चांगला निकाल होता २४, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही कमी. एका संस्थेनं तर दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या. त्यांची १०२ बरोबर आली. छापा-काटाच की!

तुम्हालाही एक चाचणी करता येईल. सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग मोठ्यांकडून कापून घ्या आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवा. तळाशी थोडे खडे टाका, त्यावर पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारा आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाला तुमचा पर्जन्यमापक. पुण्याच्या शिवाजीनगरमधलं हवामान खात्याचं 'शिमला ऑफिस' सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा. वहीत तीन रकाने करा: तारीख, पाऊस किती मिलिमीटर, आणि पंचांगातलं वाहन. मृगापासून हस्तापर्यंत, रोज. एक दिवसही चुकवायचा नाही, 'काल पडलाच नाही' म्हणूनसुद्धा नाही, शून्य लिहायचं. आणि हो, मोजून झालं की रोज पाणी बदला आणि पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत भरा. नाहीतर वाहन बेडूक असो की मोर, बाटलीत डासच होतील!