ओहोटीचे तास आणि मुकादमाचा शब्द

घर बांधणाऱ्या गवंड्याला सकाळी विटा मिळाल्या नाहीत तर तो दुपारी कामाला लागतो. बंदराच्या कामात ही सोय नाही. मुंबईच्या किनाऱ्याला भरती दिवसातून दोनदा येते, तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि पावसाळ्यात तर समुद्र कामाला हातच लावू देत नाही. ओहोटीचे जे दोन-तीन तास हाती लागतात, तेवढाच कामाचा दिवस.

जॉन स्मीटन याने हे ओळखले होते. प्लिमथजवळच्या समुद्रातील एडिस्टन खडकावर त्याने १७५६ ते १७५९ या काळात दीपगृह बांधले. एकमेकांत अडकणारे दगड किनाऱ्यावरच घडवून, जुळवून पाहून, मगच ते नावेत चढविले जात. खडकावर पोचल्यावर दगड बसत नाही, असे म्हणायला तिथे वेळच नव्हता.

आज ज्याला 'लीन' नियोजन म्हणतात त्याचे मर्म आम्हांस याच रीतीत दिसते. टोयोटाच्या मोटार-कारखान्यातील हा विचार बांधकामात आणताना ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेगरी हॉवेल या अमेरिकनांनी १९९० नंतरच्या दशकात एक साधी मोजणी केली. आठवड्यासाठी ठरविलेली कामे त्या आठवड्यात पुरी होतात किती? सुमारे निम्मीच! तेव्हा त्यांनी 'लास्ट प्लॅनर' ही पद्धत बसविली. उद्या कोणती माणसे काय करतील हे अखेर जो ठरवितो तो मुकादम, म्हणजेच शेवटचा नियोजक. त्याला योजनेच्या बैठकीत बसवायचे.

समजा, धक्क्याचा एक खांब ओतायचा आहे. बार्जवाला, क्रेनवाला, सळ्या बांधणारा, पाणबुड्या असे सारे एकत्र बसतात आणि ओतण्याच्या दिवसापासून उलटे मोजत येतात. पुढील सहा आठवड्यांतील अडचणी आधीच शोधून दूर करतात. मग प्रत्येक जण येत्या आठवड्यापुरता शब्द देतो. आठवडा संपला की एकच प्रश्न : काम झाले की नाही? 'बरेचसे झाले' याला गुण नाहीत. झाले नसेल तर कारण लिहायचे.

यात अवघड भाग गणिताचा नाही. पाणबुड्याला 'तळ सोमवारपर्यंत साफ होणार नाही' असे साहेबांच्या तोंडावर सांगता आले पाहिजे. आपल्याकडे 'हो साहेब' म्हणणे हीच सभ्यता! पण त्या 'हो'पायी बार्ज भाड्याने उभा राहतो, उधाण येते, आणि पुन्हा सोयीची ओहोटी मिळेपर्यंत पंधरवडा जातो.

कंत्राटेही आड येतात. दिरंगाईबद्दल दंड आणि पावसापाण्यापायी झालेल्या दिरंगाईला माफी, असे कलम असेल तर कारणांच्या रकान्यात दर आठवड्याला एकच शब्द भरलेला आढळेल : हवामान.